दुसऱ्याच्या वतीने केलेला त्याग

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, सबंध मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, इस्पितळांत धावपळ उडाली, आणि महामारीमुळे घरोघर संगणकापुढे बसवलेली शाळकरी मुले अचानक मोकळी झाली. आम्ही राहतो त्या उपनगरात वीज परतायला काही तास लागले. त्या काही तासांत आमच्या इमारतीच्या जिन्यात जी वाक्ये कानांवर आली, ती येथे छापण्याजोगी नाहीत. त्यांत आम्हीही आपली भर घातली, हे कबूल केले पाहिजे.

दुपारी राजापूर तालुक्यातील एका जुन्या स्नेह्यांचा दूरध्वनी आला. बी.एड्.च्या वर्गात आम्ही एका बाकावर बसत असू. पुढे ते गावाकडच्या माध्यमिक शाळेत गेले आणि तेथूनच निवृत्त झाले. एकमेकांना 'सर' म्हणण्याची सवय मात्र दोघांचीही सुटलेली नाही. बातमी ऐकून त्यांनी चौकशीसाठी फोन केला होता. आम्ही आमचे गाऱ्हाणे सविस्तर मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले व विचारले, 'किती तास गेली होती, सर?' आम्ही सांगितले. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नव्हता. मग ते हसून म्हणाले, 'आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत दहा-दहा, बारा-बारा तास जायची. सहामाहीचे पेपर मेणबत्तीवर तपासलेत आम्ही. त्याची काही बातमी झाली नाही. ते असू द्या. पण वीज तयार करायची म्हटली की जागा मात्र आमचीच पसंत पडते, हे कसे काय?'

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून विषय बदलला. हा लेख म्हणजे त्यांच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते पुरेसे आहे असा आमचा दावा नाही.

राजापूरचे नाव वाचताच काही वाचकांना माडबन आठवले असेल. जैतापूरच्या खाडीजवळ, समुद्राला लागून असलेल्या माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांच्या परिसरात ९३८ हेक्टर जमीन अणुवीज प्रकल्पासाठी संपादन करण्यात आली. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॅट, असा तो संकल्प. एका ठिकाणी एवढी अणुवीज जगात कोठेच निर्माण होत नाही. २८ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पस्तीस अटी घालून त्याला मंजुरी दिली, आणि त्यानंतर जेमतेम आठवड्याभरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष भारतभेटीवर आले असताना करारावर सह्या झाल्या. पुढच्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमा घडले. एप्रिलच्या १८ तारखेला खाडीपलीकडच्या साखरी नाटे या मच्छीमारांच्या गावी आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार प्राणास मुकला. एवढ्या वर्षांनंतरही तेथे अणुभट्टी उभी राहिलेली नाही. जमीन गेली ती मात्र गेलीच.

संपादनाच्या वेळी ही जमीन पडीक आहे, असे वारंवार सांगण्यात येत होते. महसुली दप्तरात 'पोटखराबा' असा एक शब्द असतो. ज्यात पीक निघत नाही असा जमिनीचा तुकडा, असा त्याचा अर्थ. कोकणचा सडा म्हणजे उघडा जांभा कातळ. मे महिन्यात तेथे उभे राहिले, तर दप्तरातला शब्द खराच वाटतो. पण पावसाच्या पहिल्या सरीनंतर त्याच सड्यावर गुडघाभर गवत उभे राहते, आसपासच्या वाड्यांची गुरे त्यावर जगतात, आणि जेथे कातळात खड्डा फोडून, पाटीपाटीने माती वाहून आणून ती भरली आहे, तेथे हापूसची कलमे उभी आहेत. एका पिढीने खड्डा फोडावा, दुसरीने पाणी घालावे, तिसरीने आंबा उतरवावा, असा हा व्यवहार. 'पोटखराबा' लिहिणाऱ्या तलाठ्याने खोटे लिहिले असे नव्हे. त्याच्या तक्त्यात या श्रमाला रकानाच नव्हता.

समुद्राचे तर त्याहून कठीण. अणुभट्टीत जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी सुमारे एक-तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली उष्णता कोठेतरी टाकावी लागते. म्हणून असली केंद्रे समुद्राकाठी उभारतात. थंड पाणी आत घ्यायचे, कोमट करून पुन्हा बाहेर सोडायचे, आणि हे रात्रंदिवस चालू ठेवायचे. त्या पाण्याने मासळी किती हटेल, किती मरेल, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि आमच्यासारख्याने त्यात निवाडा देऊ नये. शिवाय अशा केंद्रापुढच्या समुद्रात सुरक्षेसाठी होड्यांवर बंधने येतात. नाट्याच्या मच्छीमाराचा प्रश्न अगदी साधा होता. भरपाई मिळते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावे आहे? ज्याचा आजा, पणजा याच पाण्यात जाळे टाकीत आला, तो कागदोपत्री प्रकल्पग्रस्त ठरण्यासाठी गुंठाभर जमिनीचा तरी मालक हवा. खाडीच्या चिखलात तिसऱ्या आणि कालवे वेचणारी बाई, दुसऱ्याच्या बागेत आंबा उतरवणारा गडी, डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडी हिंडणारी मासळीवाली, यांचा तर त्या कागदावर मागमूसही नव्हता.

बहुसंख्य खातेदारांनी सुरुवातीची वर्षे भरपाईचे धनादेश नाकारले. २०१३ साली शासनाने रक्कम वाढवून ती हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत नेली, आणि त्यानंतर बऱ्याच जणांनी पैसे उचलले. शहरात तेव्हा पुष्कळांनी समाधानाने मान हलवली: 'पाहा, सगळा प्रश्न पैशाचाच होता.' आम्हीही हेच सरांना म्हटले असावे, कारण त्यांचे उत्तर आम्हांला चांगले आठवते: 'जमिनीभोवती भिंत पडल्यावर धनादेश परत करणाऱ्याला जमीन परत मिळणार होती काय? घराला आग लागली आणि कोणी भांडी बाहेर काढली, तर तो आगीला संमती देतो असे तुम्ही म्हणाल का?'

येथे आपल्याला पवित्र शास्त्रातील एक जुना जमीनदाव्याचा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता आणि राजाला तेथे भाजीचा मळा करायचा होता. लहानपणापासून ही कथा आपण ऐकत आलो, ती ईजबेलीच्या दुष्टपणाची कथा म्हणून. प्रवचनांतही भर असतो तो तिच्या कपटावर आणि एलीयाने उच्चारलेल्या शापावर. परंतु कथेचा आरंभ पुन्हा वाचून पाहावा. राजाने नाबोथाला धमकावले नाही. त्याहून चांगला मळा देऊ केला, आणि तो नको असेल तर रोख किंमत देण्याची तयारी दाखवली. आजच्या कोणत्याही कायद्याच्या कसोटीवर अहाबाचा पहिला प्रस्ताव उदार ठरेल. नाबोथाचे म्हणणे एवढेच होते की ते वाडवडिलांचे वतन आहे आणि ते देण्यास आपण मोकळे नाही. येथपर्यंत कोणीच पाप केलेले नाही. पाप सुरू होते ते 'नाही' ऐकल्यानंतर. अहाब बिछान्यावर तोंड फिरवून पडतो, जेवत नाही. आणि ईजबेल विचारते की राज्य नेमके चालवतो कोण. त्यानंतर जे घडते, ते सारे रीतीला धरून घडते. उपवास जाहीर होतो, गावचे वडीलधारे बोलावले जातात, दोन साक्षीदार उभे केले जातात, निवाडा होतो. पत्रांवर राजाची मुद्रा असते. एकही कागद कमी नाही.

अर्थात माडबनचे अधिकारी म्हणजे ईजबेल, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. त्यांतले कित्येक प्रामाणिक, देशाच्या विजेची खरी चिंता वाहणारे लोक होते. आमचा रोख प्रश्न विचारण्याच्या रीतीवर आहे. १६ मे २०१० रोजी माडबनला जनसुनावणी झाली. पर्यावरण अहवालाचे मराठी रूप सर्व गावांना वेळेवर मिळाले नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. जमीन त्याआधीच ताब्यात घेतली गेली होती. म्हणजे 'तुमचे म्हणणे काय' असे विचारले गेले ते केव्हा, तर म्हणण्याने काही बदलणार नव्हते तेव्हा. ज्याला 'नाही' म्हणण्याची वाटच ठेवलेली नाही, त्याच्या 'हो'ला किंमत किती? विवाहसंस्कारात वधूवरांची संमती वेदीसमोर मोठ्याने विचारली जाते, आणि दबावाखाली दिलेला होकार ख्रिस्तसभा होकार मानीत नाही. एका घराच्या बाबतीत जे आपल्याला इतके स्पष्ट दिसते, ते गावाच्या बाबतीत धूसर का व्हावे?

या सगळ्या वादात एक शब्द सतत कानांवर येतो, तो म्हणजे 'त्याग'. देशाच्या विकासासाठी कोणीतरी त्याग केला पाहिजे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही. परंतु आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणारा आत की बाहेर, हे त्यावरून कळते. मंत्रालयातून किनाऱ्यावर आलेला वक्ता म्हणतो, 'आपण सर्वांनी त्याग करायला हवा.' त्या 'आपण'मध्ये व्याकरणाने तो स्वतःही येतो. त्याची गाडी मात्र संध्याकाळी मुंबईच्या रस्त्याला लागते आणि त्याग गावातच राहतो. आम्ही या लेखात 'आम्ही' लिहितो आहोत ते त्याच भीतीने: 'आपण' म्हणण्याचा अधिकार आम्ही अजून कमावलेला नाही.

त्याग ही गोष्ट प्रथमपुरुषीच असू शकते. 'मी देतो' असे म्हणता येते. 'तू त्याग कर' असे म्हणताच ती मागणी होते, आणि मागण्यामागे पोलीस उभा असेल तर ती मागणीही राहत नाही. राष्ट्र वाचावे म्हणून एका माणसाचा बळी गेलेला सोयीचा, असा हिशेब कयफाने मांडला होता. त्याच मरणाविषयी ख्रिस्ताने स्वतः सांगितले की आपला प्राण आपल्याकडून कोणी काढून घेत नाही, तो आपण होऊन अर्पण करीत आहोत. मरण एकच, क्रूसही तोच. पण कयफाच्या तोंडी तो राजकारणाचा हिशेब आहे आणि ख्रिस्ताच्या तोंडी तेच प्रीतीचे दान आहे. आपण वर्षानुवर्षे ही दोन्ही वचने ऐकतो. त्यांतला फरक विजेच्या तारेपर्यंत पोहोचत असेल, असे मात्र आपल्या मनात येत नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडल्यावाचून पुढे जाणे लबाडीचे होईल, कारण आमच्या घरातले दिवे चालू आहेत.

प्रत्येक नाबोथाला नकाराचा हक्क दिला असता तर कोकण रेल्वे झाली असती काय? कोयनेचे धरण झाले असते काय? कोयनेच्या विजेने महाराष्ट्रातील कारखाने उभे राहिले, आणि त्या कारखान्यांत वसई-मुंबईच्या कितीतरी कुटुंबांच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या. माडबनने नको म्हटले म्हणून विजेची भूक थांबत नाही. ती चंद्रपूरकडे वळते, तेथे आणखी कोळसा जळतो आणि तेथल्या बायकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणखी राख बसते. किनाऱ्यावरील गावकरी साधुसंत असतात, असेही नाही. दर वाढेपर्यंत विरोध करणारे आम्ही पाहिले आहेत. प्रकल्पाची कुणकुण लागताच गावकऱ्यांकडून कवडीमोलाने जमिनी घेऊन ठेवणारे शेटजी तर कोकणात ठिकठिकाणी निघाले. अणुकिरणांविषयी पसरवलेल्या काही अफवा निव्वळ अफवाच होत्या. राजकीय पक्षांचे काय सांगावे? गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूरजवळचा एन्रॉनचा प्रकल्प समुद्रात बुडवू, असे सांगत १९९५ साली सत्तेवर आलेल्यांनीच पुढच्या वर्षी नव्याने करार करून तो तरता केला.

हे सर्व आम्हांला मान्य आहे. तरीही कोयनेचे उदाहरण देणाऱ्यांना आमची एक विनंती असते, की ते उदाहरण पुरे द्यावे. धरणाखाली गेलेल्या गावांतील माणसे सोलापूर, सांगलीपासून रत्नागिरी, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरली गेली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे अर्ज त्यांच्या मुला-नातवंडांच्या हातांत आले. त्यांनी दिले ते खरेच मोठे होते. त्या मोबदल्यात आपण त्यांना काय दिले, हे विचारल्यावर गाठीशी उत्तर असेल, तरच त्यांचे नाव घेऊन माडबनला उपदेश करता येईल.

एन्रॉनची गोष्ट तर अधिकच बोलकी. १९९२ साली तिच्या वाटाघाटींना आरंभ झाला. १९९७ साली वेलदूरच्या कोळीवाड्यात पहाटे पोलीस शिरले. बायकांनाही मारहाण झाल्याची नोंद मानवी हक्कांचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी केली. १९९९ साली वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली की २००१ साली राज्य वीज मंडळाने ती घेणेच थांबवले, आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतील मूळ कंपनीचे दिवाळे निघाले. अवाढव्य यंत्रे बंद पडून राहिली, ती २००५ साली सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने नवी कंपनी स्थापन होईपर्यंत. 'सर्वांच्या हितासाठी' म्हणून ज्यांच्याकडून घेतले गेले, त्यांनी त्या वर्षांत काय पाहिले असेल? आपली जमीन, तिच्यावर कुंपण, आणि आत कोणाच्याच उपयोगाला न येणारा शुकशुकाट.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्वहिताची जी कल्पना मांडली, ती या ठिकाणी विसरता येत नाही. सर्वहित म्हणजे बहुसंख्यांचे हित नव्हे. प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक समूहाला आपली पूर्णता गाठता यावी अशी समाजाची घडण, म्हणजे सर्वहित. त्यात वजाबाकी बसत नाही. शंभरांतून पाच वजा केल्यावर उरतात ते पंचाण्णव. त्यांचे कल्याण कितीही मोठे असले तरी त्याला 'सर्व' म्हणता येणार नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात त्याच धाग्याने सांगितले की अशा प्रकल्पांच्या विचारविनिमयात स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असले पाहिजे, आणि परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरल्यानंतर नव्हे, तर आरंभापासून व्हायला हवा. आपल्या देशातील २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांसाठी मात्र ती अट ठेवली नाही. याचे कारण शासन म्हणजे आपण सर्व, असे धरलेले आहे. पुन्हा तोच 'आपण'.

मग आमच्यासारख्यांनी, उपनगरात राहून दिवा लावणाऱ्यांनी, करायचे काय? अंधारात बसावे, असा सल्ला आम्ही देणार नाही. तो आम्हांलाच पाळता येणार नाही. पण निदान आपली वीज कोठून येते, हे तरी ठाऊक असावे. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंतच्या कितीतरी धर्मग्रामांत, देवमंदिरातल्या पंख्यांपासून नाताळच्या ताऱ्यांपर्यंत, जी वीज वापरली जाते, तिचा मोठा हिस्सा १९९५ पासून डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातून येत आला आहे. चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे आणि मच्छीमारांची खाडी यांच्या मधोमध ते केंद्र उभे राहिले. तेथील काही नागरिकांनी त्याला न्यायालयात विरोध केला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले. हरले म्हणजे केंद्र झाले. पण त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. ती घोषणा कागदावर राहू नये म्हणून तीच माणसे पुन्हा न्यायालयात गेली, आणि १९९६ सालच्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी एक कायमचे प्राधिकरण नेमण्यात आले. २०१९ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत न्यायमूर्तींनी ते काम पाहिले. कोळशाच्या धुरातील गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश या प्राधिकरणाने १९९९ साली दिला. ती प्रत्यक्षात बसायला २००७ साल उजाडले.

ही आठ वर्षे आमच्या मनाला लागतात. यंत्रणेला पैसा पडतो, पैसा शेवटी वीजबिलात येतो, आणि बिल आपण भरतो. म्हणजे डहाणूच्या मुलांच्या छातीत जाणारा वायू आणि आपल्या बिलातील प्रतियुनिट काही पैसे यांच्यात ती आठ वर्षे एक तराजू लटकत होता, आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. त्या वर्षांत दरवाढीविरुद्ध आमच्या इमारतीने दोन निवेदने दिली होती. पहिल्यावर आमची सही आहे. डहाणूसाठी एखादे निवेदन आपल्या संघटनांनी दिल्याचे आम्हांला स्मरत नाही. (त्याच प्राधिकरणाने १९९८ साली वाढवणच्या बंदराला नकार दिला होता, २०२३ साली अटींसह परवानगी दिली. पहारेकरी बदलला की पहारा बदलतो, हेही नोंदवून ठेवलेले बरे.)

वसईकर वाचकांना आम्ही हे अधिक मोकळेपणाने सांगू शकतो. १९८० नंतरच्या दशकात वसईच्या विहिरींचे पाणी टँकरमागून टँकर भरून बाहेर जाऊ लागले आणि बागायतीच्या विहिरी खारट होत चालल्या, तेव्हा 'मुंबईच्या वाढीसाठी तुम्ही थोडे सोसा' हे वाक्य कसे लागते, ते वसईने अनुभवले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले, तेव्हा वसईबाहेरून आलेल्या प्रत्येक माणसाचे अप्रूप वाटत होते. पाणी पिणाऱ्यांपैकी फारच थोडे आले होते. आज दिवा लावणाऱ्यांपैकी माडबनला किंवा डहाणूला कितीजण जातात?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाला वातानुकूलन यंत्रे बसवण्याचा विषय निघाला. देणगीदार तयार होते. मे महिन्यात लग्ने असतात, पाहुणे घामाघूम होतात, आणि शेजारच्या धर्मग्रामाने दोन वर्षांपूर्वीच यंत्रे बसवली आहेत. हे शेवटचे कारण कोणी मोठ्याने बोलले नाही, पण ते सर्वांत वजनदार होते. सभेत आम्ही भीतभीत डहाणूचा उल्लेख केला. काहींनी स्मित केले. एक तरुण म्हणाला, 'अंकल, आपण सहा यंत्रे नाही लावली म्हणून डहाणूचे केंद्र बंद पडणार आहे का?' प्रश्न रास्त होता आणि आम्हांला त्याचे उत्तर देता आले नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक वृद्ध बाई उठल्या. त्यांचे माहेर डहाणूच्या बाजूचे, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते. 'यंत्रे लावा की नका लावू,' त्या म्हणाल्या, 'पण बिल किती येईल ते आधी इथे वाचून दाखवा. आणि तेवढेच पैसे दरवर्षी तिकडच्या एखाद्या शाळेला द्यायची तयारी आहे का, तेही विचारा.' सभा थोडा वेळ गप्प राहिली. फादरांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला, आणि खजिनदारांनी गेल्या वर्षाची बिले आणायचे कबूल केले.

ही हकीकत आम्ही राजापूरला कळवली. सरांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, 'तुमच्या सभागृहाच्या छपरावर ऊन दिवसाचे किती तास असते?'

ते आम्ही अजून मोजलेले नाही.